आलेला गुण किती दिवस राहतो? न्यूरोफीडबॅकनंतरच्या दोन वर्षांचे एक प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातील एका मुलाचे आहे. कुटुंबाची लेखी संमती घेऊन आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलून ते येथे मांडले आहे. मी या शहरात मुलांची मानसशास्त्रीय तपासणी व समुपदेशन करते. न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवणारे प्रशिक्षण, मी स्वतः देत नाही. परंतु ते घ्यावे का असे विचारणारे आणि घेऊन झाल्यावर पुढे काय असे विचारणारे पालक माझ्याकडे येत असतात. या प्रकरणात एकच वडील हे दोन्ही प्रश्न घेऊन एका वर्षाच्या अंतराने आले, आणि पहिल्या वेळी मी दिलेले उत्तर दुसऱ्या वेळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

पार्श्वभूमी

कुटुंब शिवाजी पेठेत राहणारे. वडिलांचे उद्यमनगरात दोन लेथचे छोटे वर्कशॉप आहे आणि फौंड्रीवाल्यांकडून येणाऱ्या कामावर ते चालते. आई घरी ब्लाउज शिवते. आजोबा, म्हणजे मुलाचे आबा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ऑगस्ट २०२२ मध्ये मुलगा चौथीत होता आणि त्याचे वय साडेनऊ वर्षे होते. वह्या अर्धवट, प्रश्न निम्मा वाचूनच उत्तराला सुरुवात, डबा शाळेत विसरणे, एका जागी दहा मिनिटे न टिकणे, अशा तक्रारी पहिलीपासूनच होत्या. तपासणीत बुद्ध्यांक सरासरीच्या वरच्या बाजूला आला, वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण दिसली नाही, आणि एडीएचडीचे (अवधानाची कमतरता व अतिचंचलता यांचा विकार) निदान झाले; या मुलात अवधानाची कमतरता ठळक होती.

मी तीन गोष्टी सुचवल्या होत्या: पालकांसाठी मार्गदर्शनाच्या काही बैठका, शाळेत बसण्याच्या जागेपासून गृहपाठाच्या प्रमाणापर्यंतचे काही बदल, आणि औषधाविषयी बोलण्यासाठी मनोविकारतज्ज्ञांची एक भेट. वडिलांनी तिसरी गोष्ट तिथल्या तिथे मोडीत काढली. पोराला गोळ्या लावायच्या नाहीत हे घरून ठरवूनच ते आले होते. एका गिऱ्हाइकाकडून त्यांना शहरातील एका खासगी केंद्राची माहिती मिळाली होती. तेथे चाळीस सत्रांचे न्यूरोफीडबॅक प्रशिक्षण होते आणि प्रत्येक सत्राचे आठशे रुपये होते. बत्तीस हजार त्यांच्यासाठी लहान रक्कम नव्हती, म्हणून त्यांनी कामाच्या माणसाचा प्रश्न विचारला: एवढे केल्यावर गुण किती दिवस राहतो?

मी म्हणाले, "जे अभ्यास झाले आहेत त्यांत सहा महिने ते वर्षभर परिणाम टिकलेला दिसतो, काहींमध्ये तर तो नंतर थोडा वाढलेलाही दिसतो." हे उत्तर खोटे नव्हते, पण त्यातून वडिलांनी जे घेतले ते खरे नव्हते, आणि तसे घेतले जाणार हे मला कळायला हवे होते. या प्रकरणातील पहिला निर्णयाचा क्षण हाच होता आणि तो माझ्या हातून बोलता बोलता निघून गेला.

प्रशिक्षण मध्य-सप्टेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ चा पहिला आठवडा या काळात, दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी झाले. पद्धत प्रचलितच होती. टाळूच्या जागी चिकट पेस्ट लावून एक इलेक्ट्रोड आणि कानांच्या पाळ्यांना दोन चिमटे लावले जात. समोरच्या पडद्यावर एक विमान असे. मेंदूच्या विद्युत आलेखात सुस्तीशी संबंधित, ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा लहरी कमी झाल्या आणि जागृत एकाग्रतेशी जोडल्या जाणाऱ्या जलद बीटा लहरी वाढल्या की विमान वर चढे. उलट झाले की ते खाली येई. जमले की बक्षीस आणि न जमल्यास काहीच नाही, असे हे मेंदूच्या लहरींना लावलेले वळण आहे. या विद्येचा उगम तसा जुना आहे. शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लोकांना स्वतःच्या अल्फा लहरी ओळखायला शिकवले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टरमन यांनी मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची विशिष्ट लय वाढवायला शिकवले आणि अशा मांजरांना रॉकेटच्या इंधनातील विषारी द्रव्याने येणारे झटके उशिरा येतात हे पाहिले. १९७० च्या दशकात जोएल लुबार यांनी तीच वाट अतिचंचल मुलांकडे वळवली.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ घरात आनंदाचा गेला. चौथीची वार्षिक परीक्षा मुलाने सगळे पेपर पूर्ण सोडवून दिली, आणि हे त्याच्या बाबतीत प्रथमच घडत होते. केंद्राने 'आधी' आणि 'नंतर' असे मेंदूचे दोन रंगीत नकाशे दिले. पहिल्यात तांबडा डाग मोठा होता, दुसऱ्यात लहान. वडिलांनी ते लॅमिनेट करून घेतले.

प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये वडील परत आले. मुलगा पाचवीत, नव्या हायस्कुलात होता. बसायच्या आधीच ते म्हणाले, "मॅडम, गुण आलता बगा पोराला. आता परत हाय तेच चालू झालंय. उतरला म्हनायचा काय?" केंद्राने त्यांना वीस सत्रांचा उजळणीचा संच सुचवला होता आणि थोडी सूटही देऊ केली होती. सायकल एकदा आली की कुणी विसरत नाही, तसे हे आहे, असे त्यांना सुरुवातीला सांगितले गेले होते. आता मात्र अधूनमधून उजळणी लागतेच असे सांगितले जात होते. वडिलांनी स्वतःची तुलना शोधली होती: तालीम सोडलेल्या पैलवानाचे अंग सुटते, तसे हे असावे. ते पैसे द्यायलाही तयार होते. फक्त या वेळी किती दिवसांसाठी देत आहोत हे त्यांना आधी कळायला हवे होते.

उत्तर देण्यापूर्वी मी आईला विचारले की मागच्या वर्षातले काही लिहून ठेवले आहे का. त्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरची दोन वर्षांची कॅलेंडरे गुंडाळून घेऊन आल्या. दुधाचे लिटर, गॅस सिलिंडरची तारीख, ब्लाउज द्यायचे दिवस यांच्यामध्येच, प्रत्येक सत्राला निळ्या पेनचा ठिपका होता आणि शाळेतून तक्रारीची चिठ्ठी आली की चौकटीच्या कोपऱ्यात 'चि' असे अक्षर होते. ही नोंद त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून केली नव्हती. या प्रकरणात माझ्या हाती लागलेली सर्वांत भरवशाची माहिती तीच आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये सात चिठ्ठ्या होत्या. ऑक्टोबरमध्ये तीन, जानेवारीत दोन, फेब्रुवारी व मार्चमध्ये एकेक, एप्रिलमध्ये एकही नाही. जून २०२३ मध्ये, शाळा सुरू झाल्यानंतरच्या पंधरवड्यात, दोन, जुलैत पावसाच्या सुट्ट्या जाऊनही पाच, ऑगस्टमध्ये आठ. वरवर पाहता हा चढ-उतार वडिलांच्या म्हणण्याला दुजोरा देणारा होता. नीट पाहिल्यावर दोन गोष्टी खटकल्या. पहिली अशी की निम्म्याहून अधिक सुधारणा ऑक्टोबरपर्यंतच झाली होती, आणि तोवर निळे ठिपके जेमतेम दहा-अकरा होते. खुद्द केंद्राने मात्र वीस सत्रांपर्यंत काही दिसणार नाही असे बजावले होते. दुसरी गोष्ट आईंच्या बोलण्यातून कळली. चौथीची शाळा दुपारची होती, पाचवीची सकाळी सात दहाची आहे. मुलगा आधी रात्री अकराला झोपून सकाळी सव्वाआठला उठत असे. आता झोपायची वेळ तीच आणि उठायची मात्र पावणेसहाची झाली होती. सव्वानऊ तासांची झोप पावणेसात तासांवर आली होती, आणि या वयाच्या मुलांना नऊ ते बारा तासांची झोप लागते.

आणखी एक गोष्ट मी विचारली नसती तर कुणी सांगितली नसती, कारण घरात कुणालाच ती उपचाराचा भाग वाटत नव्हती. मंगळवारी-शुक्रवारी मुलाला केएमटीच्या शहर बसने केंद्रात घेऊन जाणारे आबा होते. सत्र झाले की दोघे रंकाळा तलावावर एक फेरी मारत, भेळ खात आणि घरी आल्यावर आबा त्याच्याशेजारी पाट मांडून गृहपाठ होईपर्यंत बसत. हे आठवड्यातून दोनदा ठरलेले होते, आणि हळूहळू इतर दिवशीही आबांचे बसणे सुरू झाले होते. मे २०२३ मध्ये आबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर फेरी थांबली आणि पाटही उचलला गेला.

म्हणजे उतरले ते नेमके काय, हा प्रश्न झाला.

अभ्यास काय सांगतात

येथे मला माझेच पहिले उत्तर तपासावे लागले. ते ज्या लेखावर उभे होते तो २०१९ चा आहे. एडीएचडी असलेल्या मुलांवरील दहा यादृच्छिक चाचण्या (कोणत्या मुलाला कोणता उपचार हे सोडतीसारखे ठरवलेल्या) एकत्र करून, प्रशिक्षण संपल्यावर दोन ते बारा महिन्यांनी काय उरते हे त्यात पाहिले होते. अवधानातील सुधारणेचा आकार (आकडा जितका मोठा, तितकी सुधारणा जास्त) प्रशिक्षण संपताना ०.६४ होता आणि नंतरच्या तपासणीत तो ०.८० झालेला आढळला. 'टिकतो, उलट वाढतो' हे वाक्य याच आकड्यांतून आलेले आहे, आणि ते आज अनेक माहितीपत्रकांत दिसते. मात्र हे आकडे मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी करतात. त्या काळात मूल वयाने वाढते. पालक तक्रार शिगेला पोहोचलेली असतानाच येतात, त्यामुळे पुढचे काही महिने तसेही बरे जाण्याची शक्यता असते. आणि मापनपट्टीवर लक्षणांना गुण देणारे बहुतेक वेळा पालकच असतात, ज्यांनी स्वतः मुलाला चाळीस वेळा नेऊन आणलेले असते.

दुसऱ्या बाजूला २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील एक चाचणी आहे. तीत ७ ते १० वर्षांची १४४ मुले होती. काहींना खरे थीटा-बीटा प्रशिक्षण मिळाले. इतरांना लुटुपुटूचे मिळाले, म्हणजे पडद्यावरचा खेळ त्यांच्या स्वतःच्या मेंदूवर नव्हे, तर आधी नोंदवून ठेवलेल्या आलेखावर चालत होता. कोणाला काय मिळते आहे हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना किंवा प्रशिक्षकांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत पालक व शिक्षकांनी नोंदवलेली सुधारणा मोठी होती. दोन्ही गटांत ती १३ महिन्यांनंतरही टिकलेली होती. आणि दोन गटांमध्ये फरक नव्हता. शेवटच्या तपासणीत खऱ्या प्रशिक्षणाच्या गटाला औषध काहीसे कमी लागत होते, ही एक नोंद मात्र त्या बाजूने जाते. ही चाचणी मी २०२२ मध्ये वाचलेली होती, पण फक्त सारांशापुरती.

या निष्कर्षाकडे लोक सहसा 'न्यूरोफीडबॅक चालत नाही' एवढेच म्हणून पाहतात. मला त्यातील टिकण्याचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. लुटुपुटूच्या गटातही सुधारणा वर्षभर टिकली, याचा अर्थ 'पाहा, अजून टिकले आहे' या पुराव्यावरून मेंदूच्या लहरींना लागलेले वळण टिकले आहे असे सिद्ध होत नाही. टिकणारी गोष्ट दुसरीच असू शकते: आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी, एका मोठ्या माणसाच्या पूर्ण लक्षाखाली, स्थिर बसून केलेले एखादे काम आणि त्याला मिळालेली शाबासकी. तसे असेल तर ती टिकणे न टिकणे हे इलेक्ट्रोडवर नव्हे, घरावर अवलंबून राहील.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. जर्मनीत ट्युबिंगेन येथे मेंदूच्या मंद विद्युत बदलांवर आधारित वेगळ्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलांना दोन वर्षांनी पुन्हा यंत्रासमोर बसवले, तेव्हा ते बदल हुकमी घडवण्याची त्यांची क्षमता शाबूत होती असे २००८ मध्ये नोंदवले गेले. कौशल्य राहू शकते. पण ते वर्गात, वहीसमोर वापरले जाते का, हा वेगळा प्रश्न आहे. म्हणूनच त्या पद्धतीत काही फेऱ्या पडद्यावर काहीच न दाखवता घेतल्या जातात आणि गृहपाठाच्या टेबलावर ठेवण्यासाठी मुलाला एक छोटे कार्ड दिले जाते. आमच्या मुलाच्या चाळीस सत्रांत अशी एकही फेरी झालेली नव्हती. विमान नेहमी समोर होते.

आणि गुण विरण्याची गोष्ट फक्त न्यूरोफीडबॅकची नाही. एडीएचडीवरील सर्वांत गाजलेल्या अमेरिकी चाचणीत ५७९ मुले होती. १९९९ मध्ये, १४ महिन्यांच्या काटेकोर औषधयोजनेनंतर औषधाचे गट स्पष्टपणे पुढे होते, पण तीन वर्षांच्या टप्प्यावर गटांतील तो फरक उरला नव्हता. हे मी वडिलांना मुद्दाम सांगितले, कारण औषध म्हणजे कायमचा तोडगा असा उलट समज मला करून द्यायचा नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

केंद्राची वीस सत्रे घेणे हा वडिलांच्या मनातला पर्याय होता. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येत होते की मुलाला तिथे जायला आवडत असे आणि अपाय होण्याची शक्यता फारशी नव्हती. विरोधात खर्च होता. शिवाय सत्रे पुन्हा सुरू केली असती तर झोप आणि आबांचे बसणे हे मुद्दे पुन्हा वर्षभर कुणाच्या डोळ्यांसमोर आले नसते.

मनोविकारतज्ज्ञांकडे लगेच जाणे हा पर्याय मला वैद्यकीय दृष्ट्या योग्य वाटत होता. वडील मात्र अजूनही नाखूश होते, आणि सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलाच्या अवधानावर औषधाचा निर्णय घेणे मला स्वतःलाही पटत नव्हते. नवी शाळा आहे, रुळेल, म्हणून दिवाळीपर्यंत थांबणे हाही एक पर्याय होता. आठ चिठ्ठ्यांनंतर तो आईंना मान्य नव्हता आणि ते बरोबरच होते.

केंद्राने दिलेल्या नकाशांवर काही ठरवता येईल का, हेही मी पाहिले. नकाशांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ छापलेली होती. 'आधी'चा नकाशा मंगळवारी संध्याकाळी सात वाजताचा होता, दिवसभराच्या शाळेनंतरचा. 'नंतर'चा रविवारी सकाळी दहाचा. पेंगुळलेल्या मुलाच्या थीटा लहरी वाढतात, हे या क्षेत्रातील प्राथमिक ज्ञान आहे. तांबडा डाग प्रशिक्षणाने आक्रसला की रविवारच्या झोपेने, हे त्या दोन कागदांवरून सांगता येणे शक्य नव्हते. यात कुणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. पालकांच्या सोयीची वेळ दिली गेली, इतकेच असेल.

अखेर चौथा पर्याय ठरला: चार आठवडे कोणताही नवा उपचार विकत घ्यायचा नाही, आधी मोजायचे, झोप आणि गृहपाठाची घडी परत बसवायची, आणि मग सत्रे की औषध याचा निर्णय करायचा. वडिलांनी 'चार आठवडे म्हंजे चारच' असे म्हणून होकार दिला.

प्रत्यक्षात काय केले

अवधानाच्या नऊ लक्षणांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देण्याची मापनपट्टी तिघांनी भरायची होती: आई, वर्गशिक्षिका आणि गणिताचे सर. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, आणि कमाल २७. वर्गशिक्षिकांना सगळे सांगणे भाग होते, कारण पहिल्या बाकावरची जागा आणि वहीतली गृहपाठाची सही त्यांच्या हातात होती. गणिताच्या सरांना मात्र, त्यांच्याच संमतीने, घरी व बाहेर काय चालू आहे हे सांगायचे नाही असे ठरले. त्यांना बदललेली जागा दिसली असणारच; तरी या सर्वांत निदान एक माणूस अर्धा तरी त्रयस्थ राहिला.

झोपेची वेळ अकरावरून सव्वानऊवर एका फटक्यात आणली नाही. दर तीन-चार दिवसांनी वीस मिनिटे असे ती मागे घेतली. खरी अडचण मुलाची नव्हती. वडील वर्कशॉप बंद करून साडेनऊला येत आणि मग जेवण, टीव्ही, मोबाइल असा घराचा दिवस सुरू होई. आईंनी मुलाचे जेवण साडेसातला वेगळे काढायला सुरुवात केली, आणि वडिलांना दिवसाकाठी मुलाची भेट फक्त सकाळी पावणेसहाला होऊ लागली. ही किंमत मी आधी हिशेबात धरली नव्हती. पुढे त्यांनी मुलाला शाळेत सोडायचे काम स्वतःकडे घेतले तेव्हा ती थोडी भरून निघाली.

आबा फिरू शकत नव्हते, पण बसू शकत होते. गृहपाठ त्यांच्या कॉटशेजारी हलवला. पंधरा मिनिटे काम, पाच मिनिटे मोकळीक; आबांनी कंडक्टरच्या सवयीने त्याला 'स्टॉप' असे नाव दिले आणि प्रत्येक स्टॉपला जुन्या तिकिटांच्या गठ्ठ्यातले एक तिकीट फाडून हातात द्यायला सुरुवात केली. मी सुचवलेला ताऱ्यांचा तक्ता त्या तिकिटांपुढे फिका पडला आणि मी तो गुपचूप मागे घेतला.

मुलाशी स्वतंत्र बोलणे झाले तेव्हा मी विचारले की विमान वर कसे न्यायचे. तो म्हणाला, "डोकं घट्ट केलं की ते खाली येतंय. सैल सोडायचं, पण बघत ऱ्हायचं." हे आठ महिन्यांनंतरही तो सांगू शकत होता. शाळेत कधी असे करतोस का, यावर त्याने माझ्याकडे मी काहीतरी खुळ्यासारखे विचारल्याच्या नजरेने पाहिले. शाळेत विमान कुठे असते? त्याच दिवशी त्याने एका कार्डावर विमान काढले आणि ते कंपासपेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवले.

काय झाले

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला आईंचे गुण २२, वर्गशिक्षिकांचे १९ आणि गणिताच्या सरांचे २० होते. दिवाळीच्या सुटीआधी ते अनुक्रमे १३, १४ आणि १८ झाले. झोप साडेआठ तासांपर्यंत आली होती. ज्यांना अधिक माहीत होते त्यांना अधिक सुधारणा दिसली, हे आकड्यांतून लपत नाही.

यानंतर ठरल्याप्रमाणे एकत्र बसून पुढचा निर्णय व्हायचा होता. तो झाला नाही. वडिलांनी दिवाळीच्या सुटीत मुलाला केंद्रात नेऊन दहा सत्रे करून घेतली आणि मला डिसेंबरमध्ये सांगितले. ते ओशाळले होते. मी रागावले नाही, पण थोडी खट्टू झाले. डिसेंबरच्या मध्यात आईंचे गुण ११, वर्गशिक्षिकांचे १३ आणि सरांचे १७ आले. ही एक-दोन गुणांची घट दहा सत्रांची, वाढलेल्या झोपेची, कंपासपेटीतल्या विमानाची की नव्या शाळेत रुळण्याची, हे वेगळे काढण्याचा मार्ग आता उरला नव्हता. सरांचे १७ गुण मात्र अजूनही मदतीची गरज आहे असेच सांगत होते. तीच गोष्ट सहामाहीच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेत दिसत होती: रीत बरोबर, आकडे उतरवताना चुकलेले.

जानेवारी २०२४ मध्ये वडील स्वतःहून मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. वजन, नाडी व रक्तदाब पाहून शाळेच्या दिवसांपुरते मिथिलफेनिडेट हे एडीएचडीवरील औषध सुरू झाले. सुरुवातीला दुपारची भूक मंदावली, म्हणून सकाळचा नाश्ता वाढवण्यात आला. मार्चमध्ये वर्गशिक्षिकांचे आणि सरांचे, दोघांचेही गुण १० होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सहावीत, दोन नव्या शिक्षकांनी ११ व १२ दिले. औषध चालू आहे, झोप साडेआठ-नऊ तासांची आहे, आबा काठी घेऊन रंकाळ्यापर्यंत जाऊ लागले आहेत, आणि केंद्राची सत्रे नंतर घेतलेली नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ३८ यादृच्छिक चाचण्या होत्या. कोणाला काय मिळाले याची कल्पना नसण्याची शक्यता असलेल्या निरीक्षकांच्या नोंदी पाहिल्या तर एडीएचडीच्या एकूण लक्षणांवर न्यूरोफीडबॅकचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. रूढ पद्धतीच्या प्रशिक्षणापुरता पाहिला तर छोटासा दिसला. वडिलांना मी ते सांगितले. ते म्हणाले, "मग एप्रिलला पेपर सोडवलेले कुणी?" या प्रश्नाला माझ्याकडे नेमके उत्तर नाही. फेब्रुवारी ते एप्रिल २०२३ हे तीन महिने मुलगा खरोखर बरा होता, एवढे कॅलेंडर सांगते. त्यातले किती विमानाचे आणि किती पाटावर बसलेल्या आबांचे, हे ते सांगत नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक ऑगस्ट २०२२ मधली आणि माझी आहे. पालक न्यूरोफीडबॅक घेणारच आहेत हे दिसत असताना, पहिल्या सत्राआधी दोन शिक्षकांकडून मापनपट्टी भरून घेणे माझ्या हातात होते. उपचार माझा नाही म्हणून मोजणेही माझे नाही, असे मी नकळत धरले. 'सहा महिने ते वर्ष' असे सांगण्याऐवजी मी असे सांगायला हवे होते: सुधारणा टिकलेल्या दिसतात, पण त्या लुटुपुटूच्या प्रशिक्षणानंतरही तितक्याच टिकतात, तेव्हा प्रशिक्षण घ्यायचेच असेल तर त्याच्याभोवती घरात जे बदलेल ते लिहून ठेवा, कारण सत्रे संपल्यावर राखायचे आहे ते तेच असू शकते.

मे महिन्यात एक फोन करायला हवा होता. दुपारच्या शाळेतून सकाळच्या शाळेत जाणे ही कोल्हापुरात शेकडो घरांतली नेहमीची गोष्ट आहे, आणि एडीएचडी असलेल्या मुलासाठी तो मोठा बदल असतो. प्रशिक्षणानंतरची तपासणी तीन आणि सहा महिन्यांनी करण्याची पद्धत आहे. मी ती आता महिन्यांवर न ठेवता शाळेच्या वेळापत्रकावर ठेवते: जूनचा तिसरा आठवडा आणि दिवाळीनंतरचा पहिला.

'चार आठवडे काहीही विकत घ्यायचे नाही' ही अट मी घातली, पण पाचव्या आठवड्याची बैठक दिवाळीनंतर ढकलली गेली. वडिलांनी करार पाळला होता. त्यांचे चारच आठवडे संपले होते. औषधाची भेट ऑक्टोबरमध्येच ठरवून ठेवायला हवी होती का, यावर माझे आणि मनोविकारतज्ज्ञांचे मत जुळत नाही. त्यांच्या मते तीन महिने वाया गेले. मला वाटते झोप सावरल्याशिवाय मात्रा ठरवणे अवघड गेले असते, आणि वडील स्वतःच्या पायांनी गेले म्हणूनच औषध आजही चालू आहे.

गेल्या महिन्यात वडील पुन्हा आले होते, मुलासाठी नव्हे. इचलकरंजीतल्या त्यांच्या बहिणीची मुलगी आठ वर्षांची आहे, तिलाही तसेच आहे, आणि बहीण त्याच केंद्रात नाव घालायला निघाली आहे. घालू दे की नको, असे त्यांनी विचारले. मी हो किंवा नाही म्हटले नाही. कपाटातून मापनपट्टीच्या दोन कोऱ्या प्रती काढून दिल्या आणि पहिल्या सत्राआधी शाळेतल्या दोन बाईंकडून भरून घ्यायला सांगितले, एकमेकींना न दाखवता. त्यांनी त्या चार घड्या करून शर्टाच्या खिशात, मोजमापाच्या व्हर्नियरशेजारी ठेवल्या आणि विचारले, "झोपेचं पण लिहायला सांगू काय?"